बारकीचं बिऱ्हाड

घराचा सौदा पक्का झाला आणि बारकीला घराचे आवाज जास्तच ऐकू यायला लागले. मधल्या खोलीतलं कपाट लावताना एकदा अडायचं, मग कुरकुरत बंद व्हायचं. न्हाणीघराचा नळ बंद केल्यावरही थोडा वेळ भिंतीच्या आत गुणगुणत राहायचा. अण्णांच्या पलंगाची पट्टी त्यांनी कूस बदलली की कण्हायची. नवीन आवाज कानावर पडला की बारकीच्या अंगावर काटा यायचा, पण हे आवाज तिचे होते. ते कधी येणार, किती वेळ टिकणार, सगळं तिला ठाऊक होतं. आता ते कुणीतरी दुसरंच ऐकणार होतं, आणि बहुतेक नवीन माणसं पहिल्या आठवड्यातच कपाटाला तेल घालणार होती.

चाळिशी उलटली तरी ती बारकीच. दादा थोरला, ताई मधली, ही शेंडेफळ. बोलायला लागली तीच उशिरा. शाळेत मधल्या सुट्टीत भिंतीकडे तोंड करून डबा खायची, कुणी अंगाला हात लावला की आक्रसायची, आणि कुणाच्या डोळ्यात डोळा घालून बोलायची नाही. लोक 'विचित्र' म्हणायचे, नातेवाईक 'लाडावलेली' म्हणायचे. स्वमग्नता हा शब्द घरात आला तोवर तिशी मागे पडली होती. डॉक्टरांकडून परत येताना ताई बसमध्ये रडत होती. आई मात्र खिडकीतून बाहेर बघत म्हणाली होती, "नाव आज कळलं. पोरगी जुनीच आहे."

त्या आईला जाऊन आता वर्ष झालं होतं. अण्णांना जिना झेपेना, म्हणून घर विकायचं ठरलं. अण्णा दादाकडे राहणार हेही ठरलं. बारकीचं काय, एवढंच राहिलं होतं, आणि त्यासाठीच त्या रविवारी सगळे जमले होते. निमित्त सामान बांधायचं.

दादा आणि वहिनी सकाळीच रिकामी खोकी घेऊन आले. दादा विमा कंपनीत. कुठल्याही खोलीत शिरला की आधी त्याचं लक्ष काय पडू शकतं, काय पेटू शकतं याकडे जायचं. ताई शाळेत शिकवायची, एकटीच राहायची. ती आली ती पदर खोचून थेट स्वयंपाकघरात गेली आणि बारकीच्या हातातली कात्री काढून घेत म्हणाली, "दे इकडे, लागेल तुला."

बारकी दिवसभर लॅबमध्ये याहून धारदार हत्यारं वापरायची. कृत्रिम दात बनवणाऱ्या लॅबमध्ये ती होती. मेणात दात कोरायचा, शेजारच्या खऱ्या दाताच्या छटेशी त्याची छटा जुळवायची, हे तिचं काम. पण तिनं कात्री दिली आणि खोक्यांना चिकटपट्टी लावायला बसली.

ताईनं फडताळातले कप खाली काढले. त्यात तो निळा, कान तुटलेला कप निघाला.

"हा कशाला ठेवला होता आईनं?" ताई म्हणाली.

"दुकानाचा गल्ला आहे तो," बारकी म्हणाली.

ताईला हसू आलं. तिलाही आठवलं. बारकी लहान असताना दुकानात जाऊन नुसती उभी राहायची आणि रिकाम्या हातानं परत यायची. मग आईनं घरातच दुकान मांडलं. स्वयंपाकघराचं टेबल म्हणजे दुकान, आई दुकानदार, निळा कप गल्ला. रोज दुपारी खेळ. "आज मी बडबडा दुकानदार हं," आई सांगायची, आणि हवापाण्याच्या गप्पांनी बारकीला भंडावून सोडायची. कधी ती बहिरी दुकानदार व्हायची, कधी खेकसणारी. सगळ्यात अवघड लबाड दुकानदार. तो सुटे पैसे कमी द्यायचा आणि वर गोड हसायचा. "हसतोय म्हणून सोडायचं नाही," आई सांगायची. "हसणं वेगळं, हिशेब वेगळा." बारकी मोठी झाली तसं दुकानाचं पोस्ट झालं, दवाखाना झाला. लॅबमध्ये मुलाखतीला जायचं ठरलं तेव्हा आई अण्णांचा चष्मा नाकावर चढवून मालक झाली आणि तिनं असे काही प्रश्न विचारले की अण्णा दारातून म्हणाले, "अगं, तिला दात करायचेत, राज्य करायचं नाहीये."

खऱ्या मालकांनी यातला एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी बारकीपुढे मेणाचा गोळा आणि एक दाढ ठेवली. "हिच्यासारखी कर," म्हणाले आणि आपल्या कामाला लागले. संध्याकाळी बघितली, हातात फिरवली, आणि म्हणाले, "उद्यापासून ये." घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे माझी सगळी मेहनत वाया गेली म्हण." आणि मग न्हाणीघरात जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिली.

"गल्ला मी नेते," बारकी म्हणाली.

"ने की. माझ्याकडेच येणार आहेस, तुझा काय आणि माझा काय," ताई म्हणाली आणि कप कागदात गुंडाळायला लागली.

बारकीनं चिकटपट्टी दातानं तोडली. सांगायची वेळ जवळ आली होती.

जेवणं झाली. दादानं खुर्ची पुढे ओढली, ताईकडे बघितलं. ताईनं मान हलवली. या दोघांचं लहानपणापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. आईच्या आजारपणात तर दोन महिने एकमेकांशी बोलत नव्हते. आज मात्र दोघं एक झाले होते, आणि त्यांचं आधीच बोलणं झालेलं आहे हे बारकीलासुद्धा कळलं. तिला चेहरे पटकन वाचता येत नसत, पण या दोघांचे चेहरे तिनं चाळीस वर्षं पाठ केले होते.

"हे बघ बारके," दादानं सुरुवात केली. "आम्ही सगळा विचार केलाय. तू ताईकडे राहायचं. घराच्या पैशातला तुझा वाटा वेगळा ठेवू, बँकेत. त्याला कुणी हात लावणार नाही. आणि तुझ्या खात्यावर अण्णांचं नाव आहे, ते आता कुठे सह्या करत बसणार. तिथे माझं नाव घालू. तुला लागेल तसे पैसे मी काढून देत जाईन. म्हणजे तुला कसलाच ताप नाही."

अण्णा पलंगाच्या कडेला बसले होते. त्यांनी चादरीची घडी हातानं सारखी केली.

"मी जागा घेतलीय," बारकी म्हणाली.

"कसली जागा?"

"राहायला. भाड्यानं. लॅबच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. दोन खोल्या आहेत. लॅबच्या मालकांकडून उचल घेऊन या महिन्याचं भाडं दिलंय."

तिनं हे वाक्य लॅबमध्ये मेण वितळताना मनात इतक्यांदा म्हटलं होतं की ते गुळगुळीत होऊन बाहेर पडलं. पुढचं मात्र पाठ केलेलं नव्हतं.

"तुला जागा दिली कुणी?" दादा म्हणाला. "कसला करार केलास? कुणी फसवलं तर नाही ना?"

"करार तीनदा वाचला. एक वाक्य चुकीचं होतं, ते बदलून घेतलं. घरमालकीण हसत होत्या, पण मी सोडलं नाही."

वहिनीला हसू आलं, ते तिनं पदरात लपवलं.

"आणि पैसे?" दादानं विचारलं.

"मी आता पगारावर नाही. मालक म्हणाले, दातांचे डॉक्टर तुझंच काम मागतात, तर तू दातागणिक मजुरी घे. दोन वर्षं तसंच चाललंय. भाडं, वीज, जेवण, औषध, सगळं भागून उरतात. घराच्या पैशातला वाटा मला हवाय, पण तो माझ्या नावावर. तुझ्या नाही."

ताई उठून उभी राहिली. "वेड लागलंय तुला. रात्री काही झालं तर? मागे बसस्थानकावर काय झालं होतं विसरलीस? बसचा रस्ता बदलला आणि तू खाली बसून राहिलीस, कानावर हात ठेवून. लोकांनी पोलीस बोलावले. मला शाळा सोडून यावं लागलं, बारके. वर्ग तसाच टाकून."

"विसरले नाही."

"मग?"

"तेव्हा माझ्याकडे आवाज अडवायला कानाला लावायचं ते नव्हतं. आता आहे. मागच्या महिन्यात पुन्हा रस्ता खणला होता. बस दुसरीकडूनच गेली. मी उतरले, भिंतीला टेकून उभी राहिले, बरं वाटल्यावर चालत आले."

"आम्हाला नाही सांगितलंस."

"काही झालंच नव्हतं. काय सांगणार?"

दादानं ताईकडे बघितलं. "लोक काय म्हणतील पण?" तो म्हणाला. "भाऊ आहे, बहीण आहे, आणि हिला भाड्याच्या खोलीत टाकली."

"टाकली कुठे?" वहिनी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. वहिनी या घरात आली तेव्हापासून असल्या बैठकीत ती चहा करायची, बोलायची नाही. आता ती जमिनीवर खोक्याला टेकून बसली होती आणि तिनं पदराला हात पुसले.

"ती स्वतः जातेय. टाकलेल्या माणसाला करार वाचायला देतात का? मी लग्न होऊन आले तेव्हा माझा पगार तुमच्या हातात यायचा, अहो. मुलगी कॉलेजला गेली तेव्हा कुठे माझं स्वतःचं खातं झालं. बँकेतून बाहेर आले आणि बाकावर बसून राहिले, काय झालंय मला तेच कळेना. तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही म्हणाला असतात, एवढं काय त्यात."

दादा म्हणाला, "मी असं कधी म्हणालो?"

"म्हणायची वेळ नाही आली तुमच्यावर."

दादानं खुर्ची थोडी मागे सरकवली. मग तो बारकीकडे वळून म्हणाला, "कुलूप चांगलं आहे का दाराचं?" म्हणजे त्याची निम्मी संमती आली होती. बारकीला ते कळायला थोडा वेळ लागला.

ताई एकटी पडली. "तुम्ही बोला सगळे," ती म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "मी घर घेताना दुसरी खोली कशाला घेतली? मला एकटीला दोन खोल्या लागतात? बदलीची संधी आली, नाही म्हटलं. मला माहीत होतं, आई गेली की ही माझ्याकडे येणार. त्या खोलीचा पडदासुद्धा हिला उजेड टोचतो म्हणून जाड कापडाचा शिवलाय."

"मी सांगितलं नव्हतं," बारकी म्हणाली.

खरं ते बोलली. पण ताई स्वयंपाकघरात निघून गेली. बारकीनं वहिनीकडे बघितलं.

"जा तिच्यामागे," वहिनी हळूच म्हणाली. "काही बोललं नाहीस तरी चालेल."

पण बारकीला आधी दुसरं संपवायचं होतं. अर्धं काम हातातून ठेवून तिला उठताच येत नसे. ती अण्णांसमोर जाऊन उभी राहिली, त्यांच्या खांद्याकडे बघत म्हणाली, "अण्णा, उद्या बँकेत चला. खात्यावरचं तुमचं नाव काढायचं आहे."

हे खातं आईनं काढून दिलं होतं, पहिल्या पगाराच्या दिवशी. आईचं नाव, तिचं नाव. आई गेल्यावर आईच्या जागी अण्णांचं लागलं. पैसे काढायचे तर दोघांच्या सह्या. बारकी दर महिन्याला कमवायची आणि दर महिन्याला मागायची. अण्णांनी कधी नाही म्हटलं नाही. पण 'कशाला?' म्हटल्याशिवाय सहीही केली नाही.

अण्णांनी मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदाच. "माझं नाव नकोसं झालं का तुला?"

बारकीनं विचार केला. प्रश्न नीट कळला पाहिजे होता.

"नाव हवंय," ती म्हणाली. "खात्यावर नकोय."

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. दादा घाबरून उठला, पण अण्णा हसत होते. आवाज न करता, आई असताना हसायचे तसे. "चला," ते म्हणाले. "उद्या जाऊ."

स्वयंपाकघरात ताई काचेच्या बरण्या कागदात गुंडाळत होती. गुंडाळलेल्याच पुन्हा गुंडाळत होती. बारकी तिच्या शेजारी उभी राहिली. एक बरणी घेतली, कागद घेतला.

"मग मी काय करू?" ताईनं बरणीकडे बघत विचारलं. "त्या खोलीचं? माझं?"

"मला माहीत नाही," बारकी म्हणाली. बरणीभोवती कागद फिरवता फिरवता तिला सुचलं ते तिनं सांगितलं. "मी जेवणाच्या सुट्टीत रोज तिकडे जाऊन बसते. सामान नाही अजून. नुसती जमिनीवर बसते. तिथले आवाज ओळखीचे व्हायला हवेत ना. खालच्या मजल्यावर शिवणयंत्र आहे. पहिले काही दिवस फार त्रास झाला. आता होत नाही. तूही त्या खोलीत बसत जा थोडा वेळ. रोज."

ताईनं डोळे पुसले. "तुला वाटतं तेवढं सोपं नाहीये गं ते."

"सोपं नव्हतंच," बारकी म्हणाली.

दोघींनी मिळून बरण्या संपवल्या. मग डबे घेतले.

बँकेत खिडकीमागच्या बाईनं अर्ज उलटसुलट केला आणि अण्णांना विचारलं, "यांना एकटीचं खातं झेपेल का? समजतं ना यांना व्यवहारातलं?"

बारकी शेजारीच उभी होती. असं तिला आयुष्यभर ऐकायची सवय होती. दुकानात, दवाखान्यात, लग्नाकार्यात तिच्या डोक्यावरून दुसऱ्याशीच बोलणं व्हायचं, आणि घरचं कुणीतरी तिच्या वतीनं उत्तर द्यायचं. अण्णांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"मला का विचारता?" ते म्हणाले. "खातं तिचं आहे. तिला विचारा."

बाईनं बारकीकडे बघितलं. बारकीनं बाईच्या कपाळावरच्या टिकलीकडे बघितलं. "समजतं," ती म्हणाली. "तुम्ही अर्जाचा मागचा भाग बघितला नाही. तिथे कारण लिहिलंय."

बाईनं मागचा भाग वाचला आणि मुकाट्यानं शिक्का पुढे ओढला.

अडलं ते भलतीकडेच. अण्णांची सही जुळेना. पहिली थरथरली, दुसरी ओळीखाली घसरली. "जुन्या सहीशी जुळल्याशिवाय मला नाव काढता येणार नाही," बाई म्हणाली. तिचाही नाइलाज होता. मागे रांगेत कुणीतरी घड्याळाकडे बघून सुस्कारा टाकला. अण्णांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या भिंतींना गिलावा केला होता. ओळंबा न लावता नजरेनं सरळ भिंत सांगायचे. आता त्यांना स्वतःचं नाव सरळ लिहिता येत नव्हतं.

"राहू दे," ते पुटपुटले. "पुन्हा येऊ कधीतरी."

बारकीनं खुर्ची ओढून आणली. "बसा," ती म्हणाली. "हात उचलून धरू नका. कोपर टेका. आता मनगट टेका. श्वास आत घेताना काही करायचं नाही. सोडताना करायची सही."

"हे कुठे शिकलीस?"

"मेण कोरताना असंच करतात. नाहीतर दात वाकडा होतो."

अण्णांनी कोपर टेकलं, मनगट टेकलं. बारकी बाजूला अशी उभी राहिली की रांगेतल्या लोकांना ते दिसू नयेत. अण्णांनी श्वास सोडला आणि त्याच श्वासात आपलं नाव लिहिलं. जुनंच, शेवटच्या अक्षराला खाली लांब शेपटी असलेलं. बाईनं दोन्ही सह्या शेजारी धरल्या. मान हलवली.

बाहेर पायरीवर येऊन अण्णा थोडे थांबले. "तुझी आई असती तर म्हणाली असती, मेहनत वाया गेली नाही."

"ती असती तर नाव तिचं असतं," बारकी म्हणाली. "तिचंच काढावं लागलं असतं."

"तिनं रडून घेतलं असतं आधी."

"हो. न्हाणीघरात."

अण्णांनी चमकून तिच्याकडे बघितलं. हे तिच्या लक्षात आलं असेल असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं.

घर दिलं त्या दिवशी बारकी सगळ्यांच्या आधी निघाली. निरोपाची गर्दी तिला सोसणार नव्हती. जाताना तिनं कपाट एकदा उघडून लावलं, नळ सोडून बंद केला आणि गुणगुण संपेपर्यंत भिंतीपाशी उभी राहिली. पलंग आधीच दादाकडे गेला होता.

नव्या जागेत पहिल्या काही दिवसांत ती कामावरून परतायची, कुलूप काढायची, आणि उंबऱ्यात उभी राहायची. जुन्या घरी दाराचा आवाज झाला की आई आतून विचारायची, "कोण?" त्या वेळेला बारकीशिवाय कुणीच येत नसे, तरी विचारायची. बारकीला ते कधी कळलं नव्हतं. आता कुणी विचारत नव्हतं आणि पाय आत पडत नव्हता. खाली शिवणयंत्र चालू झालं की मग ती आत यायची.

शनिवारी दुपारी दार वाजलं. घरमालकीण वाजवायच्या तसं नाही, हळू, जरा चाचरत. बारकीच्या हातात सोललेला बटाटा होता. तो तिनं ताटलीत ठेवला, हात पुसले, दारापाशी गेली.

"कोण?" तिनं विचारलं.

"मी गं," बाहेरून ताई म्हणाली.

बारकीनं दार उघडलं. ताई एका हातात पिशवी घेऊन उभी होती, जिन्यानं दम लागला होता. तिची नजर आत गेली. एक टेबल, एक खुर्ची, खिडकीला जुनी चादर. ताईचा मोकळा हात सवयीनं पदर खोचायला कमरेकडे गेला आणि तिथेच थांबला. ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली.

"चप्पल कुठे काढू?" तिनं विचारलं.

बारकीनं तिला जागा दाखवली.